दुधीचे बुधवार

बुधवारी सकाळी आमच्या चुलीवर दुधी चढला की अख्ख्या आळीला कळायचं, आज शाळेत शास्त्राचा उमेदवार येणार. एरवी आमच्या घरात दुधी खाणारं कोणी नव्हतं. परसातल्या मांडवावर तो आपला लोंबायचा, जून व्हायचा आणि शेवटी म्हशीच्या पुढ्यात जायचा. आम्ही बोंबील-मांदेलीची माणसं. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर बोंबील सुकत घातलेले, हेच आमच्या घराचं तोरण. पण बुधवार उजाडला की आई ते सगळे बोंबील भराभर उतरवून शेजारच्या फिलूच्या अंगणात नेऊन टाकायची, ओटा सारवायची, उदबत्ती लावायची आणि चिरलेल्या दुधीकडे अशा नजरेनं बघायची, जणू गावाची अब्रू त्या पातेल्यात शिजते आहे. त्या वर्षी आम्ही इतका दुधी खाल्ला, की दहावीचं नाव निघालं की लोकांना पेपर आठवतात, मला अजून दुधीच्या फोडी आठवतात.

गोष्ट अशी होती, की मी दहावीत होते आणि आमच्या वर्गाला शास्त्र शिकवायला माणूस नव्हता. आधीचे सर उन्हाळ्यात आपल्या मुलखात बदली मिळवून गेले, ते गेले. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. जागा मंजूर होती, जाहिरात पेपरात येऊन गेली होती, अर्जही येत होते. फक्त माणूस टिकत नव्हता. शाळा आमची राजोडीच्या अलीकडे, शेतं संपून सुरूची झाडं सुरू होतात तिथे. एसटी दिवसातून चारदा. विहिरीचं पाणी मचूळ. भाड्याची खोली म्हणाल तर गावात खोल्या होत्या, पण त्यांत जाळी, कांदे किंवा कोणाची तरी म्हातारी आधीच राहत असे. आणि तिकडे विरार पूर्वेला, चंदनसारच्या बाजूला, नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर एक क्लास निघत होता. बी.एस्सी. बी.एड. झालेला माणूस विरार स्टेशनात उतरला की त्याचे पाय आपोआप पूर्वेला वळायचे. पश्चिमेला आमची एसटी उभी असायची, ती तशीच सुटायची.

पप्पा शाळेत क्लार्क होते. उमेदवारांना पत्रं लिहिणं त्यांच्याकडे. अक्षर इतकं सुंदर, की नुसतं ते पत्र बघून माणसानं नोकरी पत्करावी. हेडसर मूळचे मालवणकडचे, शिकवायचे संस्कृत आणि गणित, राहायचे विरारला एका नव्या फ्लॅटात. मिशी जाड, आवाज त्याहून जाड. उमेदवार आला की त्याची मुलाखत, मग आमच्या वर्गावर नमुना पाठ आणि मग जेवण आमच्याकडे, असा क्रम. गावात हॉटेल नव्हतं आणि पप्पांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, म्हणून आमच्याकडे.

पहिले आले ते तासगावकडचे पाटील सर. त्यांनी भिंगं शिकवली. काचेच्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकून त्यातून आम्हांला वर्तमानपत्रातलं अक्षर मोठं करून दाखवलं, मग कोणाच्या तरी आजोबांच्या चष्म्यानं उन्हात कागद जाळला. वर्ग खूश. दुपारी आमच्या घरी आईनं कौतुकानं तळलेले ताजे बोंबील त्यांच्या ताटात वाढले, आणि सरांनी दोन्ही हात जोडले. “माउली, गळ्यात माळ आहे.” ते भात आणि ताक जेवून गेले. आठवड्यानं पत्र आलं, गावाजवळच्या शाळेत काम झालं म्हणून. पप्पांनी ते वाचून दाखवलं, तरी आईच्या मनात बसलं ते बसलंच. “गावाजवल कसली शाला नि काय! मी बोंबील वाढला म्हनून गेला तो मानूस.” त्या दिवसापासून तिच्या लेखी घाटावरचा प्रत्येक मनुष्य माळकरी झाला आणि दुधीचे दिवस फिरले.

हेडसरांच्या मनात मात्र वेगळंच बसलं. पाटील सरांचं पत्र आल्यावर ते वर्गात आले आणि म्हणाले, “भिंगं कोणाला सांगता येतील?” निम्म्या वर्गाचे हात वर. फिलू, जिला तोवर शास्त्रातलं ‘श’ येत नव्हतं, तिनं फळ्यावर बहिर्वक्र भिंग काढून किरण कुठे मिळतात ते दाखवलं. सर बराच वेळ मिशी कुरवाळत फळ्याकडे बघत राहिले. मग ऑफिसात जाऊन पप्पांना म्हणाले, “पुढच्या उमेदवाराच्या पत्रात पाठाचा घटक बदलायचा. आम्ल आणि अल्क लिहा.”

“पण सर, मागच्या पत्रात भिंगं लिहिलेलं.”

“भिंगं झाली ना! आता पुढचा धडा. आणि सगळ्यांना एका दिवशी बोलवू नका. पंधरा दिवसांनी एक. राहिला तर देव पावला. राहणारच नसेल तर निदान एक धडा तरी ठेवून जाऊ दे.”

अशी आमची दहावी सुरू झाली. आम्हांला ताकीद होती. हेडसर पाठाच्या आधी येऊन सांगायचे, “हात वर करा, पण सगळ्यांनी नको. पोरांना सगळंच येतं असं दिसलं, तर त्याला वाटेल इथे माझं काय काम. काहीच येत नाही असं दिसलं, तर घाबरून पळेल. मधलं वागा.” मधलं वागणं हे फार अवघड असतं, हे मला तेव्हाच कळलं. माझ्याकडे खास कामगिरी होती. माझा आवाज मोठा आणि मी क्लार्कची मुलगी, म्हणून पाठाच्या शेवटी उमेदवारानं “काही शंका?” असं विचारलं, की मी उठून एक शंका विचारायची. शास्त्र मला शून्य येत असल्यामुळे माझ्यासाठी कुठेही चालेल अशी एकच शंका ठरवली होती : “याचा रोजच्या जीवनात उपयोग काय?” आम्लाला ती चालली, ध्वनीला चालली, आनुवंशिकतेलाही चालली. उमेदवारांचे चेहरे उजळायचे. मला वाटायचं, मी शास्त्रात पुढे जाणार.

आणि काय काय माणसं आली! वाशीमचे देशमुख सर, त्यांनी जास्वंदीच्या पाकळ्या वाटून त्यात लिंबू पिळून रंग बदलून दाखवला. भंडाऱ्याकडच्या एक बाई रात्रभरचा प्रवास करून तशाच आल्या, तोंडावर पाणी मारून पेशी शिकवल्या, आणि पाठ झाल्यावर बाकावर बसल्या त्या तिथेच झोपल्या. आम्ही मधल्या सुट्टीत पायांचा आवाज न करता बाहेर गेलो. एक सर खरंच रुजू झाले. गावानं नारळ देऊन स्वागत केलं. नऊ दिवस टिकले, आणि मग पूर्वेच्या एका क्लासच्या पाटीवर त्यांचं नाव दिसलं. पण त्या नऊ दिवसांत त्यांनी कार्बनचा मोठा धडा पुरा केला, हे मान्य करायला हवं. जाताना प्रत्येकाच्या हातात आई सुकेळीची पुडी ठेवायची. आमच्याकडची ती पिकली केळी उन्हात सुकवून केळीच्याच सोपटात बांधलेली, मधासारखी. “वाटेत खा हो. नि या परत,” असं म्हणायची. सुकेळी वाटेत खाल्ली जायची. परत कोणी येत नसे.

माझी शास्त्राची वही दोनशे पानी होती, खाकी कव्हराची. तिच्यात मी धड्याला क्रमांक घालत नसे. वर लिहायची : ‘भिंगे – पाटील सर, तासगाव.’ ‘आम्ल – देशमुख सर, वाशीम.’ ज्या धड्याला अजून कोणी मिळालं नव्हतं त्याच्यासाठी चार-चार कोरी पानं सोडायची. त्या सवयीचं मला आज कौतुक वाटतं. पुढच्या आयुष्यात मी इतकी व्यवस्थित कधीच नव्हते. गॅसचं कार्ड आजही सापडत नाही.

दिवाळी होऊन गेली, पूर्वपरीक्षा महिन्यावर आली, आणि एका बुधवारी सुरवसे बाई आल्या. सांगोल्याकडच्या. भाऊ गोखिवऱ्याला नटबोल्टच्या गाळ्यात कामाला, त्याच्याकडे उतरलेल्या. सडपातळ, सावळ्या, डोळे असे की माणूस आधीच खरं बोलायला लागावा. घटक होता विद्युतधारा. त्यांनी जेवणाच्या डब्यातून टॉर्चचे सेल, एक बल्ब आणि वायरी काढून टेबलावर मांडल्या आणि वर्गाकडे वळून सहज विचारलं, “सुरू करायच्या आधी कोणाला काही विचारायचंय?”

विचारायचंय हा शब्द कानावर पडताच मी सवयीनं उठले. “बाई, याचा रोजच्या जीवनात उपयोग काय?”

“कशाचा?”

 मी घटक काय आहे तेही वाचलं नव्हतं. फिलू बाकाखाली वाकून हसत होती. मागे बसलेल्या हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

“मी अजून काही शिकवलंच न्हाई,” बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पाठ घेतला. काय घेतला! सेल उलटा टाकला की बल्ब का विझतो, हे प्रत्येकाला पुढे बोलावून स्वतःच्या हातानं करायला लावलं. माझ्या हातून बल्ब पेटला तेव्हा मला खरंच एक शंका आली, जन्मातली पहिली. पण माझा वाटा संपला होता, म्हणून मी गप्प बसले. तास संपल्यावर बाई माझ्या बाकापाशी आल्या, माझी वही उचलली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, “ही मी जरा बघते.”

जेवायला आम्ही ओळीनं बसलो. बाई, हेडसर, पप्पा आणि टोकाला मी. त्या बुधवारांना हेडसर उमेदवाराबरोबर आमच्याकडेच जेवत. मालवणचा माणूस, पण एकदाही तक्रार न करता दुधी खायचा. बाईंनी वही ताटाशेजारी ठेवली होती. मध्येच नाक वर करून त्यांनी विचारलं, “मावशी, हा वास कुठला?”

आईचा चेहरा उतरला. “शेजारचा हो बाई. सांगितलं होतं मी, आज पावनी हाय, बोंबील भाजू नका म्हनून. कोन ऐकतंय!”

 दुधीची फोड ताटात इकडून तिकडे सरकवत बाईंनी मला विचारलं, “हे पाटील सर कोण?”

“भिंगंवाले.”

“आणि हे देशमुख सर?”

“ते आम्लाचे.”

“आणि इथं चार पानं कोरी का?”

“चुंबकत्वाला अजून उमेदवार नाही मिळाला,” मी म्हणाले, आणि मग उत्साहानं सगळंच सांगून टाकलं. पंधरा दिवसांनी एक कसा येतो, घटक कसा ठरतो, मधलं कसं वागायचं, माझी शंका. हे गुपित आहे असं मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला ती शाळेची योजना वाटत होती. पप्पांचा हात ताटावरच थांबला. हेडसर आयुष्यात पहिल्यांदाच दुधीकडे मन लावून बघत होते.

“म्हणजे मी तेरावी,” बाई म्हणाल्या. “सर, जागा तरी खरी हाय का?”

“जागा खरी आहे. मंजुरीचं पत्र दाखवतो. प्रत्येकाला मी राहा म्हणून हात जोडले, बाई. पण मार्चमधला पेपर काही शिक्षक मिळेपर्यंत थांबणार नाही. जाणाऱ्याकडून एक धडा मागून घेतला.”

“मागून न्हाई घेतला, सर. न सांगता घेतला. माणूस कुठल्या कुठनं आशेनं येतंय, सारी रात गाडीत बसून. त्याला सांगायचं तरी!”

हेडसरांनी मान खाली घातली. जाड आवाजाचा तो माणूस हळूच म्हणाला, “हो. तेवढं चुकलं.”

बाईंनी हात धुतला, पर्स उचलली आणि एसटी गाठायला निघाल्या. आईनं पुढे केलेली सुकेळीची पुडी ओट्यावरच राहिली. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी वही त्यांच्याबरोबर गेली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात भांड्यांचाही आवाज होत नव्हता. वही म्हणजे पुरावा. बारा नावं, बारा गावं, माझ्याच अक्षरात. ती घेऊन बाई वरच्या ऑफिसात गेल्या, तर हेडसरांचं काय होईल हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी आपल्या त्या सुंदर अक्षरात एक पत्र लिहिलं, की घटक मी परस्पर ठरवत होतो, मुख्याध्यापकांचा यात संबंध नाही. हेडसरांनी ते वाचलं, घडी घातली आणि फाडलं. “अक्षर वाया घालवू नका,” म्हणाले. मग वर्गात येऊन आमच्यासमोर उभे राहिले. “तुमच्यासाठी मी एक गोष्ट न विचारता केली. यापुढे करणार नाही. पुढचे धडे मी शिकवीन. मला येत नाहीत, आपण मिळून वाचू.” आणि हा संस्कृतचा माणूस चुंबकाचे दोन तुकडे हातात धरून पुस्तकात बघत, अडखळत, घाम पुसत शिकवायला लागला. कोणी हसलं नाही. मी तर मान वर करत नव्हते. माझ्यामुळे उमेदवार यायचे बंद झाले होते, आणि वर्गातला प्रत्येक जण हे जाणून असूनही मला काही म्हणत नव्हता, हे शिव्यांपेक्षा वाईट होतं. फक्त फिलू एकदा म्हणाली, “तुला गो, शंका विचारायला सांगितलेली, उत्तरं द्यायला कोनी सांगितलेलं?”

मग एका सोमवारी शाळा सुटल्यावर, ध्यानीमनी नसताना, वळणावर एसटीचा हॉर्न वाजला आणि सुरवसे बाई पत्र्याची ट्रंक घेऊन उतरल्या. मागे भाऊ, खांद्यावर वळकटी. सोमवार असल्यामुळे आमचं अंगण बोंबलांनी भरलेलं. आई दोऱ्यांकडे धावली. “राहू द्या, मावशी,” म्हणत बाई ओट्यावर टेकल्या. कोणीतरी हेडसरांना बोलावून आणलं. ते सायकलवरून उतरले ते हातातलं हॅन्डल सोडायचंच विसरले.

“वही तक्रार करायला नेली होती,” बाई म्हणाल्या. “भावाच्या खोलीवर बसून पहिल्यापासून वाचली. बारा माणसं, सर. राहायचं कोणालाच नव्हतं, जमणारं नव्हतं. तरी एकानंही पाट्या टाकल्या न्हाईत. या पोरीनं शेवटच्या ओळीपर्यंत लिहून घ्यावं असं शिकवून गेले. मीच एक तास घेऊन भांडून निघाले.” त्यांनी वही माझ्या हातात दिली. चुंबकत्वाची चारही पानं भरली होती, बारीक अक्षरात, आकृत्यांसकट. “मी राहते. पण इथून पुढं जो कोणी येईल, त्याला आधी खरं सांगायचं.”

 हेडसरांनी नुसती मान हलवली, आणि सायकल धाडकन पडली.

“आणि मावशी, एक विचारू? समुद्र हा असा उशाला. तुम्ही माणसांना दुधी का घालता?”

“तुमी घाटावरची मानसं...” आई चाचरली. “माल असते ना तुमची?”

“माझ्या गळ्यात कुठं माळ दिसली? आमच्याकडं उन्हाळ्यात नदीला पाणी नसतं, मासा कुठला! मी सांगोल्यापासून ठरवून आले होते, की नोकरी मिळो न मिळो, समुद्राचा मासा खाऊन परत जायचं. आणि त्या दिवशी शेजारचा वास, आणि पुढ्यात दुधी!”

 बोटं दुमडत आईनं देशमुख सरांपासून मोजायला सुरुवात केली. “म्हंजे एवढी सगली मानसं मी दुधी घालून घालवली?”

“वहिनी,” हेडसरांना तेवढ्यात आवाज सापडला, “मी मालवणचा. माझा तरी विचार करायचात.”

त्या दिवशी बोंबील किती तळले याला गणती नाही. जाळी ठेवायची आमची मागची खोली रिकामी झाली आणि बाई तिथे चार वर्षं राहिल्या, लग्न होऊन विरारला जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी नवा धडा सुरू झाला. मी नेमानं वर लिहिलं : ‘उष्णता – सुरवसे बाई, सांगोला.’ बाईंनी वही तपासताना लाल पेननं ‘सांगोला’ खोडलं. “गाव कशाला? मी कुठं चाललेय?”

बोर्डात आमचा अख्खा वर्ग शास्त्रात सुटला. फिलूला माझ्यापेक्षा वीस मार्क जास्त पडले. ती पुढे नर्स झाली आणि अजून मला भिंगं समजावून सांगते. मी शास्त्रात कुठेच पुढे गेले नाही. पतपेढीत चिकटले. हेडसर आता नाहीत. पप्पाही नाहीत, त्यांनी बाईंच्या नेमणुकीचं लिहिलेलं पत्र बाईंनी काचेत लावून ठेवलं आहे.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. त्या आता आमच्याच शाळेत मुख्याध्यापिका आहेत, दोनेक वर्षांत निवृत्त होतील. शास्त्राची जागा पुन्हा रिकामी आहे. “बुधवारी हिंगोलीकडचा एक मुलगा येतोय. फोनवर सगळं खरं सांगितलंय. एसटीचं, पाण्याचं, खोलीचं. तरी येतो म्हणाला. मावशींना सांग. आणि वैशू, तुझी ती वही घेऊन ये. मुलांना दाखवायचीय, आणि त्यालाही.”

आईला आता गुडघ्यांमुळे ओट्याची पायरी उतरवत नाही. पण निरोप ऐकून ती उठून बसली. “अर्नाल्याच्या बाजारातनं बोंबील आन. मोठे बघून आन.” मी पिशवी घेऊन निघाले, तर मागून हाक आली.

“नि एक दुधी पन आन गो.”

“दुधी कशाला आता?”

“त्याच्या गल्यात माल असली तर?”

आणला. दोन्ही आणलं. बुधवारी मी पतपेढीत रजा टाकली आहे, आणि बाईंना सांगून ठेवलं आहे की मागच्या बाकावर मला जागा ठेवा. एक शंका आहे, सेल उलटा टाकला तेव्हापासूनची. विचारायची राहून गेली आहे.